मोटर जळली आहे

तिच्या तोंडात चिखल होता, नाकात चिखल होता, डोळे उघडत नव्हते. मी तिला बावखलाच्या काठावर कुशीवर वळवलं आणि तोंडात बोट घालून काळा गाळ बाहेर काढला. तिची मैत्रीण त्याच बावखलातलं हिरवं पाणी तांब्याने उपसून तिच्या तोंडावर ओतत होती. "आजी, साफ पाणी! साफ पाणी कुठे आहे?" ती ओरडत होती. विहिरीच्या मोटरचं बटण मागच्या पडवीत होतं, पंचवीस पावलांवर. मोटर चांगली होती. मी बोलले नाही.

तीन तांबे ओतून होईपर्यंत मी बोलले नाही.

बावखल म्हणजे आमच्या वसईतल्या वाड्यांमध्ये खणलेलं तळं. पूर्वी त्याचंच पाणी केळींना, पानवेलींना जायचं. आता बहुतेकांनी बुजवली. वटारची आमची वाडी अजून आहे आणि बावखलही आहे, कारण मुलाने तिथे पाहुण्यांना भाड्याने तंबू द्यायचं काढलं. शहरातल्या लोकांना तळ्याकाठी जमिनीवर झोपायला आवडतं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आपण जन्मभर जमिनीवर झोपलो तेव्हा कोणी बघायला आलं नाही. तो हसला आणि तंबू घेऊन आला. संडास वाडीच्या टोकाला होताच. आंघोळीची खोली पुढच्या वर्षी बांधू म्हणाला. तोवर झावळ्यांचा आडोसा, त्यात पाण्याचा पाइप आणि एक बादली.

त्या दोघी मैत्रिणी शनिवारी दुपारी आल्या. पंचविशीच्या असतील. मुलगा नोकरीच्या गावी होता, घरात मी आणि सून. मुली बोलायला चांगल्या होत्या. एकीने मला पावडरचा डबा दाखवला. "आजी, ही केसांना लावली की केस धुवायला लागत नाहीत."

"मग तांदूळ तरी धुता का, की त्यालाही पावडर?"

दोघी हसून हसून लोळल्या. त्यांच्याकडे ओले कागदही होते, त्याने अंग पुसायचं, आंघोळच नको. ते कागद संध्याकाळी मला केळीच्या बुंध्याशी सापडले. मी काठीने गोळा केले आणि तोंडातल्या तोंडात बडबडले.

संध्याकाळी त्या कळंबच्या समुद्रावर जाऊन आल्या. अंगभर वाळू, खारं पाणी. सुनेला त्यांची दया आली. "आडोशात कुठे थंड पाण्यात कुडकुडता, या आत," म्हणून तिने त्यांना आमच्या घरातल्या न्हाणीत नेलं. गरम पाणी दिलं. त्या तासभर आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा मोरी तुंबली होती. वाळू, केस, सगळं पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. सून त्यांच्यासाठी भाकऱ्या करत होती. मी उकिडवी बसून हाताने मोरी मोकळी केली. माझ्या गुडघ्यांचं काय झालं ते मलाच माहीत.

"आई, राहू द्या, मी करते," सून म्हणाली.

"तू पाहुण्यांचं कर."

"पाहुण्याच आहेत त्या. तुम्ही अशा बघता त्यांच्याकडे, जसं काही चोर पकडलेत."

त्या रागातच सकाळी उठले. गरम पाण्याने आंघोळ केली, मग न्हाणीला कुलूप घातलं आणि पडवीत जाऊन मोटरचं बटण बंद केलं. टाकीत उरलं होतं ते पाणी सुनेच्या स्वयंपाकाला पुरणार होतं. आडोशातला पाइप कोरडा पडला.

थोड्या वेळाने त्या मुलींपैकी एक मागच्या दारी आली. एकटीच. सदरा खाली ओढत उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, जरा बाथरूम मिळेल का? प्रॉब्लेम झालाय."

कसला प्रॉब्लेम ते मला सांगावं लागलं नाही. मीही बाई आहे. सून असती तर तिने हात धरून आत नेली असती. सून तेव्हा फुलवाल्याकडे गजरे द्यायला गेली होती.

मी म्हटलं, "मोटर जळली आहे. घरात पाणी नाही."

"मग आता काय करू?"

"बावखलावर जा. दगडावर बसून पाणी घे. आम्ही तिथेच करत होतो सगळं."

हे मात्र खोटं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा बाहेर बसायची पद्धत होती. चार दिवस घरात पाऊल नाही. आंघोळ बावखलाच्या दगडावर, तांबडं फुटायच्या आत, एका हाताने लुगडं सावरून. मोठा सपाट दगड होता, त्यावर चौघी बसून धुणं धुवायच्या. बाकी सगळा काठ गाळाचा. तिथे पाय ठेवायचा नाही हे आमच्यातल्या लहान पोरीलाही ठाऊक असायचं, सांगावं लागत नसे. मनात माझ्या हेच होतं, आम्ही केलं, हिलाही करू दे. एक दिवस करेल तर काय झिजेल?

मी तिला बादली आणि तांब्या दिला. तिने "थँक्यू आजी" म्हटलं.

पण दगड तिथे नव्हता. आदल्या वर्षी मुलाने तो माणसं लावून उचलला आणि तंबूवाल्यांना बसायला आंब्याखाली नेऊन ठेवला. उचलताना मी उभी राहून बघत होते. "जपून रे, कड फुटेल," असं ओरडलेही होते. आणि तरी त्या सकाळी माझ्या तोंडून दगडाचंच नाव आलं.

मी देवासाठी जास्वंदी काढत होते. धप् असा आवाज झाला. मला वाटलं नारळ पडला. मग तांब्या दगडगोट्यावर आपटावा तसा खणखणला, आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. बादली भरल्याचा आवाज नाही, पाणी अंगावर घेतल्याचा नाही. तेव्हा मी गेले.

बावखलावर हिरवं शेवाळ इतकं दाट होतं की नवख्याला गवत वाटावं. त्यात एक भोक पडलं होतं आणि भोकातून दोन हात वर आले होते. बावखल खोल नाही. पण गाळात पाय रुतले की माणूस जितकं झटतं तितकं खाली जातं. मी पडलेली झावळी ओढली, जाड देठ माझ्याकडे धरला, पात्यांकडचा भाग तिच्याकडे टाकला. पहिल्यांदा तिच्या हाताला लागला नाही. दुसऱ्यांदा लागला. मी ओरडले तशी मैत्रीण तंबूतून धावत आली, आणि आम्ही दोघींनी तिला ओढून काढलं.

आणि मग ते तीन तांबे. मैत्रीण साफ पाणी मागत होती आणि मी विचार करत होते की आता बटण दाबलं तर हिला कळेल, मी खोटं बोलले. समोर पोरीचे ओठ निळे होते आणि मला माझी लाज झाकायची पडली होती.

फाटक वाजलं. सून आली. तिने एकदा आमच्याकडे बघितलं, धावत पडवीत गेली, बटण दाबलं आणि पाइप ओढत आली. स्वच्छ पाणी आलं. तिने पोरीचं तोंड, नाक, डोळे धुतले.

मैत्रीण म्हणाली, "पण मोटर जळली आहे, असं ही सांगत होती ना?"

सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "लाइट गेली होती. आत्ता आली."

रिक्षातून दवाखान्यात नेलं. घाण पाणी छातीत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, श्वास लागला, नळी लावली. डॉक्टरांनी विचारलं, बाहेर काढल्यावर तोंडात कुठलं पाणी घातलं? सून म्हणाली, "आधी बावखलातलं, मग विहिरीचं." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. ते तीन तांबे आत गेले की नाही, त्यानेच छाती बिघडली की आधीच बिघडली होती, हे मला कोणी सांगू शकलं नाही. मी विचारलंही नाही.

त्या पोरीची आई आली. तिने दवाखान्यात सगळ्यांसमोर माझे पाय धरले. "तुम्ही झावळी टाकली नसती तर माझी मुलगी गेली असती." मी पाय मागे घेतले. मुलगा आला तो मला समजावत बसला, "आई, दगडाचं विसरलीस, या वयात होतं. मनाला लावून घेऊ नकोस." गावातही हेच म्हणतात, म्हातारीला दगड आठवला आणि दगड हलवलेला आठवला नाही. मी ऐकून घेते. दगडाचा दोष घ्यायला सोपा आहे. तो खराच विसरण्याचा होता. मोटर मी विसरले नव्हते.

सुनेला सगळं ठाऊक आहे. ती एकदाच बोलली, भांडी घासताना. "दगडाचं मी समजू शकते, आई." मी वाट बघितली. तिने पुढची कढई घेतली.

नंतर वाडीत पाहुण्यांसाठी आंघोळीची पक्की खोली झाली, फरशी घातलेली, गरम पाण्याची. तिची किल्ली सुनेकडे असते. तिने मला दिली नाही आणि मी मागितली नाही.

आठ दिवस ती मुलगी दवाखान्यात होती. त्या आठही दिवसांत मी घरच्या न्हाणीत आंघोळ केली, दुसरीकडे कुठे करणार? नवव्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली. ती जिवंत आहे.