मारुतीच्या झरोक्यावरची माझी पाटी

नात जळगावला इतिहास शिकते. सुट्टीत आली की मोबाइलवर मला जुने दगड दाखवते. परवा रोमन काळचा एक दाखवला. शहराच्या कुणा अधिकाऱ्यानं पद मिळालं म्हणून देवाला वेदी वाहिलेली. तिच्यावर देवाचं नाव एका ओळीत, आणि साहेबांचं नाव नि भूषवलेली पदं पाच ओळींत! ग्रीकांकडेही हीच तऱ्हा म्हणे.

"आजी, हसतेस काय?"

"अगं, हा तर माझाच भाऊबंद!"

धरणगावकडच्या आमच्या गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव सुटलं आणि मी सरपंच झाले. झाले म्हणजे काय, सह्या केल्या. खुर्चीत आमचे हे बसायचे, मी घरी कपाशीच्या मजुरांसाठी भाकरी थापायची. पण निवडून येण्याचा नवस माझा होता, तो मी फेडला. मारुतीच्या देवळाला फरशी करून दिली आणि वर पाटी लावली. काय ती पाटी! संगमरवरी, 'सरपंच' हा शब्द देवाच्या नावाच्या दुप्पट. बचत गटाची अध्यक्ष, शाळा समितीची सदस्य, सगळं कोरून घेतलं. एवढा मोठा दगड कुठं मावेना, म्हणून पूर्वेच्या भिंतीवर थेट झरोक्यावरच बसवला.

पुजारीआबा म्हणाले, "अक्का, देव अंधारामा बसना ना!"

"आबा, ट्यूबलाइट लावून देते."

सूर्य गिळायला निघालेला देव तो, आणि मी त्याचा सूर्यच झाकला. अक्कल म्हणून नव्हती.

खरं सांगते, घराच्या दारावर ह्यांचं नाव, शेताच्या उताऱ्यावर ह्यांचं नाव. माझं नाव साऱ्या गावात त्या एका दगडावर होतं.

यंदा सरपंच झालेली गावातली तरणी सून एके दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"अक्का, झरोका मोकळा करना शे. पण काढताना पाटी फुटी जाई. तुम्ही नही म्हनात तं विषय सोडी देस."

मी मुद्दाम ताटकळवलं तिला. चहा पाजला, गुडघ्यांची कहाणी ऐकवली. दगड गेला की माझं काय उरणार?

"मग तिथं तुझी पाटी लावशील, नाही का?" मी टोमणा मारला.

"नही अक्का. मी ग्रामसभामा जे बोलनू ते बठ्ठं वहीमा लिखेल शे. पाटी कशाले?"

"आणि नवरा?"

"तो मांगे बसस, सतरंजीवर."

पाच वर्षं सरपंच होते, पण ग्रामसभेत तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

"काढ," मी म्हणाले. "पण पहिला हातोडा माझा."

माझ्या हातोड्यानं पाटीला ओरखडासुद्धा पडला नाही. दोन गवंडी लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन सरळ आत गेलं. मारुतीचा शेंदूर असा पेटला की मला डोळे मिटावे लागले. अपराधी वाटलं, आणि बरंही.

पुढच्या ग्रामसभेला मी गेले. गुडघे धरत उठले नि म्हणाले, "स्मशानाच्या रस्त्याला झाडं लावा. मला लवकरच सावली लागणार आहे."

सभा हसली. पण सरपंचबाई हसली नाही. तिनं तो विषय वहीत घ्यायला लावला. ग्रामसेवकानं पेन उघडलं. "अक्का, पूर्ण नाव सांगा."

सांगितलं. आधी सौभाग्यवती नाही, मागून माजी सरपंच नाही.