जीपच्या नंबरातला तीनचा आकडा

नोकरीत किती गुन्हे उघडकीला आणले, असं कुणी विचारलं की मी खुशाल सांगतो. पण जी घटना मी सहसा कुणाला सांगत नाही आणि जी अजूनही कालच घडल्यासारखी आठवते, तिच्यात गुन्हाच नव्हता. नसलेला गुन्हा मी उभा करत आणला होता. दोन माणसांनी मला त्यातून वाचवलं. एक माझा जमादार आणि विमा कचेरीतल्या एक बाई. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत, निदान कागदावर तरी असावेत म्हणून हे लिहितो आहे. नावं कुणाचीच घेत नाही.

तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता. मी एस. आय., म्हणजे फौजदार, होऊन फार दिवस झाले नव्हते आणि माझं ठाणं ऊटनूरच्या बाजूला होतं. मी याच जिल्ह्यातला, घरात मराठी, शाळेत तेलुगू. त्यामुळे इकडची मराठी माणसं ठाण्यात आली की माझ्याशी आपल्या बोलीत बोलत आणि मलाही ते आवडे. माणूस दारातून आत येतानाच मी ओळखतो, असा माझा समज होता. वर्दी नवी असली की असे समज फार होतात.

त्या सुमारास महाराष्ट्राच्या हद्दीतून एक जीप चोरीला गेली होती. हिरवी, जुनी, चारही चाकांना जोर घेणारी. तिचा बिनतारी संदेश सगळ्या ठाण्यांना आला होता. माझे वरिष्ठ, सर्कल इन्स्पेक्टर साहेब, दर भेटीत विचारायचे, "त्या जीपचं काय झालं?" जीप जणू मीच कुठं ठेवून विसरलो होतो.

अशात एका सकाळी आमचा खबऱ्या आला. बसस्टँडजवळ पंक्चर काढणारा माणूस. खबर देताना तो नेहमी आधी इकडंतिकडं पाही, मग बिडी विझवी. म्हणाला, "साहेब, नार्नूरच्या भाजीवाल्याच्या पोरानं जीप आणली. हिरवी हाय. काल लोहाराकडं उभी होती अन् तिच्या चेसिसवर नंबर ठोकून राह्यले होते. म्या सोता पाह्यलं."

चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. कारखान्यातच त्याच्यावर नंबर ठोकलेला असतो आणि तीच गाडीची खरी ओळख. पाटी बदलता येते, रंग बदलता येतो. जो चेसिसच्या नंबराला हात लावतो तो चोर, हे आम्हांला प्रशिक्षणातच शिकवलेलं. मी जमादाराला घेऊन निघालो आणि तासाभरात जीप आणि पोरगा दोन्ही ठाण्याच्या आवारात आणले. स्टेशन डायरीत नोंद केली, पंच बोलावले, नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली आणि ठसा उतरवून घेतला. आकडे इंग्रजी, शेवटून दुसरा तीन. ताजा, खोल आणि बाकीच्यांपेक्षा जाड. आंधळ्यालाही हाताला लागला असता.

पोरगा पंचविशीच्या आतला. काही वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवलेला, आता स्वतःची गाडी घेतलेली. नार्नूरच्या आतल्या वाड्यांना तेव्हा धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात बस ओढ्याच्या अलीकडंच थांबायची. तिथं अशी जीप चालवायची, माणसं आणि भाजी आणायची, हा त्याचा बेत. मी त्याला समोर उभा केला.

"नंबर कोणं ठोकला?"

"लोहारानं, साहेब. म्याच सांगतलं."

इतक्या सरळ कबुलीनं खरं तर मी सावध व्हायला हवं होतं. मी खूश झालो.

"काऊन?"

"आकडा दिसून नव्हता राह्यला. इन्शुरन्सचा एजंट म्हणला, परवा कंपनीचे साहेब गाडी तपासाले येतीन, नंबरावर पेन्सिल मारतीन, तो भाग साफ करून ठेव. म्या रेजमालाच्या कागदानं घासला, तं गंजासंगं आकडाच गेला. अर्धा राह्यला. मंग म्हणलं, साहेब आले अन् नंबर नाही दिसला तं इन्शुरन्स नाही देणार. म्हणून जसा दिसला तसा ठोकून घेतला."

"आर. सी. कुठं आहे?"

"नाव चढवाले आर. टी. ओ. त देल्ली. ती पाहून ठोकता आला असता, पण तीच हाती नव्हती."

ही गोष्ट मला इतकी बालिश वाटली की मी त्याच्या कानाखाली एक दिली. लिहितानाही लाज वाटते, पण दिली हे खरं. तो गालाला हातही न लावता म्हणाला, "साहेब, चोरीची नाही हो. देवाशपथ." ठाण्यात देव दिवसातून दहा वेळा साक्षीला येतो, त्यामुळे मी तिकडंही लक्ष दिलं नाही.

दुपारपर्यंत सगळं त्याच्याविरुद्ध गेलं. लोहारानं नंबर ठोकल्याचं कबूल केलं. आदिलाबादहून बिनतारी उत्तर आलं की आर. सी. वर त्या जागी आठ आहे, तीन नव्हे. इंजिनचा नंबरही जुळेना, कारण मूळचं पेट्रोल इंजिन काढून आधीच्या मालकानं डिझेल बसवलं होतं आणि त्याची नोंद केली नव्हती. आधीचे मालक निर्मल गावचे एक वयस्क डॉक्टर. गाडी विकून ते मुलाकडं कायमचे निघून गेले होते आणि पत्ता शेजाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हता. माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. डॉक्टरांची मोडीत निघालेली जीप, तिचे फक्त कागद घेतले, चोरीच्या जीपवर तो नंबर चढवला आणि चढवताना चुकला. ही युक्ती तेव्हा सर्रास चालायची. मी रिमांडचे कागद लिहायला घेतले.

बाहेर त्याचे वडील येऊन बसले होते. हात जोडून म्हणाले, "साहेब, त्याले आत टाकसान तं त्याचं लायसन जाईन. अन् गाडी इथंच सडन." मी मान वर केली नाही. पण ते खोटं बोलत नव्हते. आमच्या आवारात जप्तीच्या गाड्यांमधून बाभळी वर आल्या होत्या. खटला संपेपर्यंत त्या जीपचा सांगाडा उरला असता. आणि पोरगा सुटला असता तरी लोकांच्या तोंडी जीपचोरच राहिला असता.

माझा जमादार निवृत्तीला आलेला, निजामी अमदानीत लहानाचा मोठा झालेला माणूस. कमी बोलायचा. कागदांवर माझी सही होणार तेवढ्यात म्हणाला, "साब, एक बात बोलूं?"

"बोला."

"ये लडका इन्शुरन्स कौनसा निकाल रा था? थर्ड पार्टी या फुल?"

मी पोराला विचारलं. फुल.

जमादार म्हणाला, "थर्ड पार्टी में तो गाडी देखने कोई नै आता, साब. कागज दिखाओ, पावती लेओ, चले जाओ. सरकार को उत्ता बस है. फुल लिये तो कंपनी का आदमी खुद आता, नंबर देखता, सब देखता. चोर होके ये घर बुला के गाडी दिखा रा था क्या?"

मी पेन खाली ठेवलं. इतकी साधी गोष्ट. जुन्या गाडीला थर्ड पार्टीचा विमा तिथल्या तिथं मिळतो आणि कायद्याला तेवढा पुरतो. ह्या पोरानं मात्र तपासणी स्वतःहून मागून घेतली होती. मुलगी दाखवायच्या आदल्या दिवशी घरात जशी घासपूस चालते, तशी ह्यानं गाडीची केली आणि नेमकं नको तिथं घासलं.

"फुल काऊन घेत होता रे?" मी विचारलं.

"घाटातला रस्ता हाय, साहेब. गाडी उलटली तं बाबानं दुसऱ्यांदा कुठून आणावं? वावर एकच होतं, ते इकून ही घेतली."

या वेळी मी त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. गालावर माझी बोटं अजून दिसत होती.

पण पटणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. ही जीप डॉक्टरांचीच, याला पुरावा हवा होता. जमादारच म्हणाला की डॉक्टरांसारखा माणूस गाडीचा विमा चुकवणार नाही आणि पहिल्या विम्याच्या वेळी त्यांच्याही गाडीवर कुणीतरी पेन्सिल मारली असेल. पोरानं सांगितलं की एजंट डॉक्टरांचाच, कंपनीही तीच. मी आमचा ठसा पाकिटात घातला आणि ठाण्याची गाडी काढून आदिलाबाद गाठलं.

कचेरी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. जुन्या फायली बघणाऱ्या बाई पर्स खांद्याला लावून उठल्याच होत्या. आमच्यासारख्याच इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. मी वर्दीच्या आवाजात फाईल मागितली. त्यांनी शांतपणे विचारलं, "कशासाठी हवी ते सांगा ना आधी."

मी सांगितलं. सकाळपासूनचं सगळं, थप्पड वगळून.

बाईंनी पर्स पुन्हा खुर्चीला अडकवली. "इतक्या जुन्या फायली आम्ही बांधून ठेवल्या आहेत, रद्दीत जायच्या आहेत," म्हणाल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. शिपाई निघून गेला होता. गठ्ठे त्यांनी स्वतः ओढले, मी सोडले. कितवा गठ्ठा होता कुणास ठाऊक. दोघांचेही हात काळे झाले होते. डॉक्टरांचा अर्ज सापडला आणि त्याच्या कोपऱ्यात डिंकानं चिकटवलेला पातळ कागदाचा तुकडा. पेन्सिलीचा ठसा.

बाईंनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. मावळतीचं ऊन थेट काचेवर येत होतं. एक सोडून बाकीचे सगळे आकडे एकमेकांत बसले. एक चार कारखान्यातच किंचित तिरका ठोकला गेला होता, तो दोन्हीकडं तसाच तिरका. आणि त्या एका जागी जुन्या कागदावर आठ, त्याच्यावर आमचा तीन. आठाची उजवी बाजू झाकली गेली, डावी तेवढी बाहेर राहिली.

"डावीकडचा भाग घासला गेला हो," बाई म्हणाल्या. "उरलं त्याला बिचारा तीन समजला."

चोर नवे आकडे ठोकू शकतो, पण कारखान्यातला तिरका चार त्याच तिरकसपणानं, त्याच अंतरावर कसा ठोकणार? गाडी डॉक्टरांचीच होती. मी त्या बाईंना वाकून नमस्कार केला. वर्दीत तसं करत नाहीत, पण केला. त्या अवघडल्या आणि म्हणाल्या, "अहो, हात तरी धुवा आधी."

त्याच संध्याकाळी मी पोराला घरी पाठवलं. पुढं आर. टी. ओ. च्या परवानगीनं आठ पुन्हा रीतसर ठोकला गेला, इंजिनची नोंद झाली. विमा कंपनीचे साहेब मात्र पोलिसांच्या पत्राशिवाय सही करेनात. ते पत्र मी स्वतः लिहिलं. नंबरातला फेरफार अज्ञानातून झाला आणि संशय निराधार होता, असं स्वच्छ लिहिलं. सर्कल साहेब बोलले, मी ऐकून घेतलं. चोरीची जीप काही महिन्यांनी भलत्याच जिल्ह्यात सापडली.

पुढच्या नोकरीत ह्या प्रकरणानं मला एक सवय लावली. संशयितानं काय लपवलं हे सगळेच शोधतात. त्यानं स्वतःहून काय दाखवायला काढलं होतं, तेही मी विचारू लागलो. आणि हात उचलणं त्या दिवसापासून बंद केलं. फार मोठा माणूस झालो म्हणून नव्हे, त्या गालाकडं नीट पाहिलं होतं म्हणून.

विमा झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी जीप ठाण्याच्या फाटकाशी आली. पुढं झेंडूचा हार, शेजारी बाप. मला वाटलं, पेढे असतील. बाप उतरला आणि म्हणाला, "साहेब, आज पयली खेप हाय. बोहनी तुमच्या हातची पायजे."

आमच्याकडं बोहनीला हात बघतात. दिवसाची, धंद्याची पहिली कमाई चांगल्या हाताकडून यावी, म्हणून भाजीवाला ओळखीच्या माणसाची वाट पाहत गिऱ्हाईक थांबवून ठेवतो. मी पोराकडं पाहिलं. बापाला थप्पड ठाऊक नसावी, पोराला तर होती.

"दुसरा कोणी बघ रे," मी म्हणालो. "माझा हात चांगला नाही. तुला माहीत आहे."

"माहीत हाय, साहेब," तो म्हणाला. त्यानं वाकून माझ्या बाजूचं दार उघडलं. "म्हणूनच म्हणून राह्यलो. ते पत्रबी त्याच हातानं लिव्हलं. बसा."

मी बसलो. बाप मागं चढला आणि जीप नार्नूरकडं निघाली. उतरताना भाड्याचं नाणं मी त्याच्या तळहातावर ठेवलं, तर त्यानं ते कपाळाला लावलं.