‘नीट कर’चं बटण

वहिनींच्या सगळ्या क्वेऱ्या मी एका दुपारीत नासवल्या. तेही त्यांना मदत म्हणून.

वहिनी म्हणजे औषधांच्या गोदामातल्या आमच्या डेटावाल्या. रोज माल चढण्याआधी मुदत संपलेल्या औषधांची यादी त्या डेटाबेसमधून काढतात. त्यासाठी डेटाबेसला लिहून विचारायचा प्रश्न म्हणजे क्वेरी. यादीशिवाय गाडी हलत नाही. टापटीप इतकी की टेबलावरचा स्टेपलरसुद्धा काटकोनात. स्क्रीनवर स्टीलची पट्टी धरून क्वेरी ओळीओळीने वाचतात. क्वेऱ्या लिहायला मी बनवलेल्या एडिटरमधलं ‘नीट कर’ हे बटण दाबल्याशिवाय एकही क्वेरी चालवत नाहीत. जेवणाआधी हात धुवावेत तसं.

त्या दिवशी मी एडिटरला क्वेरीतली चिन्हं ओळखायला शिकवलं. चिन्ह दिसलं की ते केशरी करायचं, आणि ‘नीट कर’ म्हटलं की त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची. फक्त चिन्हांच्या यादीत मी एकेरी चिन्हं आधी लिहिली, जोडचिन्हं नंतर. त्यामुळे ‘<=’, म्हणजे ‘आजची किंवा त्याआधीची तारीख’, समोर आलं की एडिटर ‘<’ बघूनच खूश! पुढचं ‘=’ परकं समजून मध्ये जागा सोडून मोकळा. असं फुटलेलं चिन्ह डेटाबेस घेईना.

वहिनींनी तर हौसेने साठवलेल्या सगळ्याच क्वेऱ्या नीट करून घेतल्या होत्या.

“भावजी, हे लाल काय आलंय? मला आज लवकर निघायचंय. अण्णांना हॉस्पिटलमधून सोडतायत. पिशवी मांडीवर घेऊन बसले असतील.” अण्णा म्हणजे त्यांचे सासरे.

“मधली जागा खोडा आणि चालवा.”

त्यांनी खोडली. बोट सवयीने बटणावर. परत लाल.

“वहिनी, ते बटण दाबू नका!”

“कुठे दाबलं?”

“आत्ता दाबलंत!”

“ते होय? ते काय दाबणं झालं?”

दारातून ड्रायव्हर ओरडला, “यादी येतेय, की अंथरूण टाकू?”

मी धावत जाऊन जोडचिन्हं एकेरीच्या वर आणली, नवा एडिटर त्यांच्या संगणकावर चढवला. माझी कॉलर ताठ. पण ती दुरुस्ती पुढच्यासाठी. आधी फुटलेली चिन्हं कोण सांधणार? वहिनी पट्टी धरून एकेक ओळ उतरत राहिल्या, मी शेजारी बसून “इथे, इथे” करत राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, “बोट दाखवू नका हो, चिडचिड होते.” यादी निघाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

अण्णा वाट बघून एकटेच गाडी करून घरी गेले. किल्ली वहिनींच्या पर्समध्ये. टाके पडलेला माणूस स्वतःच्या दारात पायरीवर बसून राहिला.

“काही बोलले?” मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“नाही ना! बोलले असते तर भांडता आलं असतं.”

मी तिथल्या तिथे कबूल केलं, की सगळं एका झटक्यात पहिल्यासारखं करणारं बटण बनवून देतो. अजून दिलेलं नाही. मध्येच कळलं की औषधाच्या नावातली आडवी रेघही माझा एडिटर वजाबाकी समजतो. मी तिथेच अडकलोय. वहिनी मागत नाहीत. सकाळी स्क्रीनवर ‘नीट कर’च्या शेजारच्या रिकाम्या जागेवर पट्टी टेकवतात आणि माझ्याकडे बघतात.