हलली तर उतरायचं

आमच्या आत्याला शर्यतीतलं काही म्हणता काही कळत नाही. गाड्या त्याच त्या रस्त्यावरून गोल गोल का फिरतात, हे कोडं तिला सुटलेलं नाही आणि सोडवायची हौसही नाही. शर्यत सुरू झाली की ती आपल्या जुन्या व्हॅनमध्ये पाठ फिरवून बसायची. पण माझी धाकटी बहीण जी गाडी पळवायची, तिची बॅटरी मात्र आत्याच निवडणार, आत्याच बसवणार, आणि शर्यत संपली की धाकटीच्या आधी बॅटरीची विचारपूस करणार.

"कशी आहे ती?" हा तिचा ठरलेला प्रश्न. ती म्हणजे बॅटरी.

"मीही बरी आहे, आत्या," धाकटी हेल्मेट काढत म्हणायची. "विचारलंस म्हणून सांगितलं हं."

आई गेली तेव्हा आम्ही दोघी लहान होतो आणि बाबा कायम फिरतीवर. आत्याने आमचं सामान उचललं आणि आपल्या बॅटरीच्या दुकानामागच्या खोलीत आणून ठेवलं. तिथेच आम्ही वाढलो. खोलीत ॲसिडचा उग्र वास असायचा, आणि आत्याचा एकही एप्रन बिनभोकाचा नव्हता. अभ्यास करताना डुलकी लागली की ती बाहेरूनच ओरडायची, "डिस्टिल्ड वॉटर पाजू का गं?" माया होती, पण सीलबंद. थेंबभर बाहेर सांडेल तर शपथ.

त्या वर्षी धाकटीला हलकी बॅटरी हवी होती. गाडीचं वजन उतरलं की वळणावर फायदा होतो. तिने आणलेली लिथियमची बॅटरी जेवणाच्या डब्याएवढी होती. आत्याने ती हातात तोलली आणि नाक मुरडलं. "हे खेळणं इंजिन फिरवणार?" तरी न बघता नाही म्हणायचा तिचा स्वभाव नाही. तिने ती रात्रभर थंडीत बाहेर ठेवली आणि पहाटे तिच्यावर गाडी सुरू करून पाहिली. मग इंजिन चांगलं तापवलं आणि बंद-चालू, बंद-चालू करत राहिली. बॅटरी पास झाली. आत्याने तोंड वाकडं करून का होईना, ते कबूल केलं.

पण अटी घातल्याच. हिचा चार्जर वेगळा, दुकानातले जुने चार्जर हिच्या जवळपासही न्यायचे नाहीत. शर्यत संपली की मेन स्विच बंद, बॅटरी बाहेर, टर्मिनल जुन्या टूथब्रशने साफ. आणि बॅटरी जखडायची ती लोखंडी पट्टीनेच. "वजन बॅटरीचं वाचवा," ती म्हणाली, "पट्टीचं नाही."

मोसमातली शेवटची शर्यत आली. गाडीच्या मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या तिघांत आलीस तर पुढच्या वर्षी गाडी तुझी, नाहीतर दुसऱ्याची. धाकटी दोन दिवस धड जेवली नव्हती. सुरू व्हायच्या जरा आधी आत्या नेहमीप्रमाणे आली, सीटच्या मागे वाकली, दोन्ही हातांनी बॅटरी धरली आणि अंगातला सगळा जोर लावून गदगदा हलवली.

बॅटरी हलली. मालकाच्या मिस्त्रीने वजन वाचवायला परस्पर ॲल्युमिनियमची पातळ पट्टी लावली होती.

"उतर," आत्या म्हणाली.

"आत्या, अगं केसभर हललीय!"

"गाडी उलटली की केसभराचं हातभर होतं. टर्मिनल पत्र्याला टेकलं की ठिणगी पडते आणि खाली पेट्रोल सांडलेलं असतं. हलली तर उतरायचं. लहानपणापासून सांगतेय."

जुनी पट्टी वर्कशॉपमध्येच राहिली होती. मालक घड्याळ बघत होता, मिस्त्री जमीन बघत होता. आत्या तरातरा आपल्या व्हॅनकडे गेली, तिथल्या बॅटरीची लोखंडी पट्टी काढून घेऊन आली, तिला नवं भोक पाडलं, खाली रबराचा तुकडा घातला आणि नट आवळले. मग पुन्हा हलवली. आता गाडी हलली, बॅटरी नाही.

या सगळ्या खटाटोपात धाकटीची रांगेतली जागा गेली आणि तिला सगळ्यांच्या मागून सुटावं लागलं. जाताना तिने आत्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एकेकाला मागे टाकत ती चौथ्या जागेपर्यंत पोचली. मग शेवटच्या वळणावर पुढची गाडी घसरली, चाकाला चाक लागलं, आणि आमची गाडी कोलांट्या खात टपावर आदळली.

मी कुंपण कसं ओलांडलं ते मला आठवत नाही. पेट्रोलचा वास मात्र आठवतो. धाकटी खिडकीतून सरपटत बाहेर आली, दोघांनी तिला ओढून लांब नेलं. आम्ही भडका उडायची वाट बघत होतो, पण ठिणगीसुद्धा पडली नाही. मिस्त्रीने वाकून आत पाहिलं आणि हळूच म्हणाला, "जागची हलली नाही."

तेवढ्यात आत्या आली. धावत आली. एका पायात चप्पल नव्हती. धाकटीला तिचा प्रश्न पाठ होता, म्हणून तिने आधीच सांगून टाकलं, "बरी आहे ती, आत्या. जागेवर आहे."

"खड्ड्यात गेली ती बॅटरी!" आत्या किंचाळली. "तू कशी आहेस? कुठे लागलं? बोल ना गं!" आणि धुळीने माखलेल्या त्या पोरीला छातीशी धरून ती सगळ्यांदेखत रडली.

गाडी अर्थातच दुसऱ्याला गेली. धाकटी आता एका जुन्या, जडशीळ गाडीतून लहानसहान शर्यती पळते, आणि त्याचं दुःख आम्हा दोघींना फारसं होत नाही. माझी बहीण माझ्यासमोर बसून जेवते. आत्याचे हे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत, आणि तसं तोंडावर म्हटलं तर ती पाना घेऊन मागे लागेल, म्हणून इथे लिहिते.

आजही शर्यतीआधी आत्या येते, बॅटरी हलवून बघते. ते झालं की धाकटीच्या खांद्यावरचे सीटबेल्टचे पट्टे दोन्ही हातांत धरते आणि तिलाही तशीच गदगदा हलवते. धाकटी हातपाय सैल सोडून, डोळे मिटून, हलवून घेते.