ज्याचा फॉर्म, त्याचं अक्षर

शाळेत तिला सगळे फॉर्ममावशी म्हणत. हुद्दा कारकुनाचा. पण शाळा संपवून निघालेल्या पोरांना पुढे काय शिकायचं ते ठरवायला मदत करायचं काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. ऑफिसशेजारी एक अरुंद खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला टेकवलेली माहितीपत्रकं.

तिच्या वेळी तिचा फॉर्म काकांनी भरला होता. काकांना टायपिंगची आवड. म्हणून ती टायपिंग शिकली.

मावशीचे नियम दोनच. जे शिकायचं, ते काम चालतं तिथे आधी एक अख्खा दिवस काढायचा, आणि तिथे वास कसला येतो ते येऊन सांगायचं. दुसरा, फॉर्म स्वतःच्या हाताने भरायचा. हा दुसरा नियम एका फजितीतून आला. एका वर्षी पहिल्या आलेल्या मुलाची कॉलेजांची यादी चौदा जणांनी जशीच्या तशी उतरवली. त्यांत दोन मुली होत्या. यादीतलं पहिलंच कॉलेज फक्त मुलांचं.

"वाचलं तरी का गं?"

"त्याने वाचलं असेल ना, मावशी!"

यंदा पहिल्या फेरीच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला, हेडसर खोलीत आले. मागे एक शिंपी आणि त्याची मुलगी. मुलीला एक्क्याण्णव टक्के. फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात तिने एक नाही, चार दिवस काढले होते. वास? "तापलेल्या तांब्याचा. आणि ओल्या धुळीचा," तिने सांगितलं होतं.

हेडसरांनी टेबलावर फॉर्म ठेवला. सायन्सचा.

"शिक्का मारा, बाई. पाचला खिडकी बंद होते."

मावशीने फॉर्म डोळ्यांजवळ नेला. "अक्षर कुणाचं हे?"

"माझं."

"मग ॲडमिशन तुम्ही घेणार का?"

"तोंड सांभाळा! एवढे मार्क मिळवून पोरीने फ्रिज उघडायचे? गुणवंतांच्या फलकावर काय लिहू मी?"

"फ्रिज दुरुस्ती. जागा पुरेल की."

शिंपी कळवळून म्हणाला, "मावशी, लोक हसतील हो. पोरगी पान्हे घेऊन दारोदार..."

"हसू देत. फ्रिज बंद पडला की त्यांनाच रडू येईल." मग ती मुलीकडे वळली. "आणि तू गं? तोंडाला कुलूप लावून काय बसलीस? मी किती भांडू तुझ्या वतीने?"

मुलगी उठून उभी राहिली.

"बाबा, सायन्स मला जमेल. पण नकोय."

"नको म्हणायलाही अक्कल लागते," हेडसर म्हणाले.

"म्हणून तर म्हणतेय, सर."

मावशीने आयटीआयचा कोरा फॉर्म पुढे सरकवला. मुलगी लिहू लागली. हेडसर टेबलावर वाकले.

"त्याच्यावर शिक्का बसला, तर उद्यापासून ही खोली तुमची नाही."

"घ्या की. भिंतींना ओल आहे, तेवढी बघून घ्या."

शिक्का बसला. आता पालकाची सही राहिली. ती नसेल तर सगळं मुसळ केरात. शिंप्याने पेन घेतलं आणि नुसतंच धरून ठेवलं. इथे मावशीचा नियम चालत नव्हता.

"एसी बसवायला शिडीवर चढावं लागतं?" त्याने मुलीला विचारलं.

"हो."

"भीती वाटत नाही?"

"वाटते."

शिंप्याने सही केली. "धरून चढ," एवढंच म्हणाला. साडेचारला बापलेक फॉर्म घेऊन खिडकीपाशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. दुसऱ्या फेरीचे फॉर्म भरायला सात पोरं दाराशी ताटकळलेली. मावशीने किल्ली मागितली नाही. आदल्या संध्याकाळीच बाहेर काढून ठेवलेली माहितीपत्रकं बगलेत मारली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. पोरं खालच्या पायऱ्यांवर.

केबिनकडे निघालेले हेडसर तिच्यासमोर येऊन थांबले. तिने वर पाहिलं.

"बाजूला व्हा जरा, सर. उजेड अडतोय."