दोरा धरणारी

हे माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलं नाय. सख्ख्या भावाजवळ नाय, देवाजवळ तर नायच, त्याला माहीतच असणार म्हणून. तुम्ही माझ्या ओळखीचे नाय, म्हणून तुम्हाला लिहून सांगतो. चौथीत शाळा सोडली, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. पुढं जी चूक सांगणार आहे तिच्यापुढं त्या काहीच नाय.

मी शिंपी. मूळचा पैठणचा, आता उस्मानपुऱ्यात राहतो. मधली सगळी उमर मस्कतला गेली, एका अरबाच्या दुकानात. तिकडचे पुरुष पायघोळ पांढरा झगा घालतात. त्याच्या गळ्याशी रेशमाचा एक गोंडा लोंबतो. त्याला अत्तर लावायचं आन दिवसभर ऐटीत हुंगायचं. माणसाची पारख गोंड्यावरून! आन आमच्या दुकानाचा गोंडा म्हणजे — काय सांगू, लांबलांबून गाड्या घेऊन लोक यायचे. मालक मला उस्ताद म्हणायचा. मशीनवरून उठवून त्यानं मला एसीखालच्या खुर्चीत बसवलं. बाकीचे शिंपी घामानं निथळायचे, मी गार.

माझी पोरगी वैशाली तिथंच जन्मली. ती आता सिनेमे काढते — नाचगाण्याचे नाय, खऱ्या माणसांचे. एक दिवस म्हणली, "पप्पा, तुमच्यावरच काढते. परदेशात राबलेला बाप." मला काय, हुरूप आला. घोटून दाढी केली, सदऱ्याला कडक इस्त्री मारली. माझी बायको गिरजा बघून हसायला लागली, "नवरदेव, मुंडावळ्या बांधू का?"

लई मजा आली त्या दिवसांत. शेजारीण उगीचच साखर मागायला यायची, ती बी नवी साडी नेसून. मी कात्री धरून दाखवली, मशीन चालवून दाखवली, वाळूच्या वादळाचं तर असं वर्णन केलं की माझं मलाच खरं वाटेना.

मग पोरगी म्हणली, "आता गोंडा करून दाखवा."

इथं जरा थांबतो. — का थांबतो? इतकी वर्षं थांबलोच की.

बोटं आखडलीत, म्हणलो. संधिवात. पोरीनं कॅमेरा चालूच ठेवला. म्हणली, "पण पप्पा, मला लहानपणचं आठवतंय. आई फरशीवर बसलीय, पायाच्या अंगठ्याला रेशीम बांधून ताणलंय. ते काय होतं मग?"

स्वयंपाकघराच्या दारात गिरजा उभी होती, हाताला कणीक. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलो, "ती दोरा धरायची. मदत म्हणून."

आता कळलं का तुम्हाला? मला गोंडा येत नाय. कधी आलाच नाय. गिरजाचं माहेर पैठणचंच, साड्यांच्या पदराला गोंडे करून देणारं घर. मस्कतला एका गिऱ्हाइकाचा उसवलेला गोंडा मी घरी आणला. तिनं तो सोडवून बघितला, हसली, आन त्याच्याहून देखणा करून दिला. मालकानं विचारलं, कुणी केला? मी म्हणलो, मी. बायकोचं नाव घेतलं असतं तर काय जीभ झडणार होती? मालक भला होता, तिच्या हाताचं नाव झालं असतं. पण मला उस्ताद व्हायचं होतं. मालकाला म्हणलो, हे काम मी घरीच निवांत करतो. मग रोज दुपारी तिनं गोंडे करायचे आन सकाळी मी ते जेवणाच्या डब्यात घालून न्यायचे. भाजीचा वास लागू नये म्हणून वरचा खण ती गोंड्यांसाठी रिकामा ठेवायची. चटणी खाली.

आन त्या दिवशी कॅमेऱ्यापुढं गिरजा काय म्हणली? "व्हय गं. मी नुसता दोरा धरायचे." एवढं म्हणून पोळ्या लाटायला गेली.

सिनेमा एका हॉलात दाखवला. काय टाळ्या पडल्या! गिरजानं सगळ्यांत जास्त वाजवल्या. परत येताना रिक्षात मला कोपरानं ढोसलं, "ओ उस्ताद, सरका की तिकडं. दोरा धरणारीला बी जागा द्या." पोरगी हसली, रिक्षावाला हसला, मी बी हसलो. गिरजा हसत होती का? — मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाय. पोरगी शेजारीच बसली होती. तेव्हा सांगता आलं असतं.

गेल्या थंडीत गिरजा गेली. मला कुकरचं झाकण लावता येत नाय, शेजारीण येऊन लावून देते आन वर मला हसते. हसू द्या. भेटायला आलेले लोक म्हणायचे, बाईनं नशीब काढलं, असा कसबी नवरा मिळाला. मी मान हलवायचो. तिच्या फोटोसमोर बसून हलवायचो.

परवा वैशालीचा फोन आला. सिनेमा बाहेरगावी दाखवणार आहेत, शेवटी नावं येतात त्यांत आईचं नाव घालायचंय. "पप्पा, आईच्या नावापुढं काय लिहू? तुम्ही सांगाल ते."

बघा, आता आडवं येणारं कोण होतं? मालक नाय, दुकान नाय, हुंगणारे अरब नाय. पोरगी ऐकायला बसली होती. दारात उभं राहून माझ्याकडं बघायला बी कुणी उरलं नव्हतं.

मी म्हणलो, "मदत, असं लिही."

तिनं तसंच लिहिलं.