ईशानचं कोपर आणि आम्ही शहाणे

बेसबॉलमध्ये नुसतं बसून राहण्याचा वेळ इतका असतो की किस्से आपोआप साठत जातात. क्रिकेटमध्ये निदान मध्ये चहा तरी मिळतो. इथे कुंपणाला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि गेल्या सीझनच्या गोष्टी उगाळायच्या. आमच्या ऑकलंडच्या नॉर्थ शोअर भागातल्या क्लबात मी पिचर मुलांना, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांना, शिकवतो, शनिवार-रविवार, फुकट. बाकीचे दिवस सिटीतल्या एका बँकेचे सर्व्हर सांभाळतो. हे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. मी मात्र सांगताना दरवेळी नव्याने चिडतो. बायको म्हणते, मग सांगू नकोस. पण न सांगता आणखीच डोकं फिरतं.

* * *

मी या खेळात शिरलो तोच मुळी अपमान होऊन. पुण्यात कॉलेजच्या टीमचा मी फास्ट बोलर. हात कोपरात वाकतो म्हणून अंपायरनं भर मॅचमध्ये माझी बोलिंग बंद केली आणि कॅप्टननं मला थर्ड मॅनला पाठवलं, ते कायमचंच.

पुढे शिकायला ऑकलंडला आलो. फ्लॅटमध्ये टेक्ससचा एक मुलगा होता. पार्कात मी लांबून बॉल फेकला तो बघून म्हणाला, "हा हात कुठे लपवला होतास?" ज्या हातापायी शिव्या खाल्ल्या, त्याचं चक्क कौतुक! त्याच आठवड्यात मी क्लबात नाव घातलं. दोन सीझन रोज उठून बॉल फेकला आणि खांदा कामातून गेला. रोज फेकायचं नसतं, हे मला एकाही शहाण्यानं सांगितलं नव्हतं.

आता मी सांगतो. ऐकतो कोण?

* * *

सुधीर माझा जुना मित्र. इथेच जवळ अल्बनीला नवं घर, सिटीत आयटीची नोकरी, आणि सतरा वर्षांचा मुलगा ईशान. ईशान उंच, लांब हातांचा, बोलायला अगदी कमी. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देतो. क्रिकेटच्या निवडीत त्याला डावललं, म्हणून सुधीर त्याला आमच्याकडे घेऊन आला.

मी समजावून सांगितलं, की मॅच सुरू करतो तो स्टार्टर. पिचर्समध्ये तोच सगळ्यात भाव खाणारा. बराच वेळ एकटाच टाकतो आणि नंतर काही दिवस हातात बॉल घेत नाही. अमेरिकेतल्या टीम जगभर माणसं पाठवून असे कोवळे हात शोधतात आणि करार करून टाकतात.

सुधीरनं सगळं ऐकून घेतलं. यातलं त्याला नेमकं काय ऐकू आलं ते लगेच कळलं.

"करार कितव्या वर्षी करतात?" त्यानं विचारलं.

मुलाला खेळ आवडतो का, हे त्यानं विचारलं नाही. ते मी ईशानला विचारलं. तो म्हणाला, "इट्स ऑलराइट, काका." हसून म्हणाला, म्हणजे आवडत होता.

* * *

आमचा हेड कोच ब्रेट. आधी सॉफ्टबॉल खेळायचा. स्वभावानं चांगला, डोक्यानं बेताचा. त्यानं कुठून तरी बॉलचा वेग मोजणारी एक सेकंडहँड स्पीड गन मिळवली. झालं! त्या दिवसापासून क्लबातलं प्रत्येक पोरगं बॉल टाकलं की समोर न बघता मागे वळून गनकडे बघायला लागलं. बॉल कुठे गेला याची कुणालाच पर्वा नाही. आकडा किती?

एका पोरानं तर इतक्या जोरात टाकला की बॉल जाळीवरून पार्किंगमध्ये गेला आणि ब्रेटच्याच यूट गाडीची काच फुटली. मला वाटलं, चला, आता तरी याचे डोळे उघडतील. ब्रेट गनकडे बघून म्हणाला, "त्याचा आजवरचा बेस्ट! स्वीट अ‍ॅज!"

मी घरी येऊन भांडी घासली. राग आला की मी भांडी घासतो. त्या सीझनला आमच्या घरातली भांडी लखलखत होती.

* * *

मी ईशानला हळू बॉल शिकवला. हात तसाच जोरात फिरवायचा, पण बॉल तळहातात खोल धरायचा, म्हणजे तो आळसटत जातो. बॅटरला वाटतं तोफ सुटली. बिचारा आधीच बॅट फिरवून मोकळा होतो आणि बॉल मागून येतो. शिकायला महिने लागतात. ईशान चिकाटीनं शिकला आणि एका मॅचमध्ये त्यानं समोरच्या टीमच्या सगळ्यात दांडग्या बॅटरला त्यावरच घरी पाठवला. तो गडी स्वतःभोवती फिरून खालीच बसला. आमचा कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून झेलणारा सिओने, टोंगा बेटांवरचा, मनानं आणि देहानं प्रचंड, मास्कमधून खदखदून हसत होता.

मी सुधीरकडे धावत गेलो. म्हटलं, बघितलंस?

सुधीरचा चेहरा पडलेला. "अरे, हा ढिला का टाकला? गनवर कसा दिसेल?"

मी सरळ ईशानची पाठ थोपटायला गेलो. थांबून बोललो असतो तर मैत्री तिथेच संपली असती.

* * *

एका रविवारी आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. ऑकलंडच्या पार दक्षिणेला, पुकेकोहेच्या मैदानावर ईशान, अंगावर भलत्याच क्लबाचा शर्ट, आणि खाली सुधीरची ओळ, "पाहुणा पिचर म्हणून खास आमंत्रण." खाली अभिनंदनांची रांग. कुणी हात जोडलेले, कुणी टाळ्या, एका वहिनींनी मोदकच पाठवला.

शनिवारी, म्हणजे आदल्याच दिवशी, तो आमच्यासाठी हात सुजेपर्यंत टाकून आला होता. मी स्वतः त्याला बर्फ लावून घरी पाठवला होता.

मी सुधीरला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. कोपरात आतल्या बाजूला एक अस्थिबंध असतो, तो फाटला की ऑपरेशन, वर्षभर घरी, आणि हात पूर्वीसारखा होईलच असं कुणी छातीठोक सांगत नाही. हे मी त्याला आधी सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं.

"तू उगाच बाऊ करतोस," सुधीर म्हणाला. "तो स्वतः म्हणतोय दुखत नाही. घे, त्यालाच विचार."

फोनवर ईशान आला. "आय एम गुड, काका." मागे बाप उभा असताना पोरगं दुसरं काय म्हणणार?

* * *

नंतर त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. राग होताच, पण मेघनानं, म्हणजे सुधीरच्या बायकोनं, आग्रहानं बोलावलं होतं. बॉल उजव्या हातानं टाकणाऱ्या ईशाननं पाण्याचा जग डाव्या हातानं उचलला. दार डाव्या हातानं उघडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन मेघनाला विचारलं.

ती पोळी लाटायची थांबली. "केस पण डाव्या हातानं विंचरतो रे. विचारलं तर चिडतो. काय आहे ते खरं सांग मला."

मी खरं सांगितलं. त्या रात्री त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. एवढंच कळलं, की स्कॅन करायचं ठरलं, पण करारासाठी ईशानला बघायला अमेरिकेतल्या एका टीमचा स्काउट येणार होता, तो येऊन गेल्यानंतर! आधी त्या परक्या माणसासमोर पोराचं कोपर पिळून घ्यायचं आणि मग काही उरलंय का ते मशीनमध्ये घालून बघायचं. मी ब्रेटला म्हटलं, ईशानला उतरवू नकोस. ब्रेट म्हणाला, एवढी संधी परत येणार नाही, आणि हेड कोच मी आहे. मी म्हटलं, मग तूच उभा राहा. मी त्या दिवशी कुंपणाच्या बाहेर उभा राहीन आणि तुम्हा सगळ्यांचे चेहरे बघेन.

* * *

स्काउट आला. नम्र, टोपीवाला, घडीच्या खुर्चीत बसलेला. त्याच्याकडे त्याची स्वतःची गन होती. मैदानाच्या कडेला सरावाची पट्टी आहे, तिथे एका टोकाला ईशान, दुसऱ्या टोकाला सिओने उकिडवा. सिओनेलाही तो स्काउट बघणार होता. कॅचरला असा दिवस फार क्वचित मिळतो.

पहिले काही बॉल बरे गेले. मग एक आखूड पडला. मग दुसरा. सिओने उठून ईशानपाशी गेला, त्याच्याशी काहीतरी बोलला, परत आला आणि त्यानं मास्क काढला.

"ही इज हर्ट," तो स्काउटला म्हणाला. "मी झेलणार नाही."

ब्रेट त्याला समजावायला लागला. सुधीर ऑफिसातून तसाच आला होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. तो कुंपणातून आत घुसला. पोरगा ठीक आहे, नुसता घाबरलाय, अजून दोन-चार टाकले की हात मोकळा होईल, असं तो इंग्रजीत स्काउटला सांगत होता आणि मराठीत ईशानवर ओरडत होता. मी कुंपणाची जाळी धरून उभा होतो.

सिओनेनं हातातला जाड मिट काढला आणि सुधीरपुढे धरला.

"देन यू कॅच हिम, अंकल."

कुणालाही वाटलं असतं, सुधीर आता तरी ओशाळेल. त्यानं मिट हिसकावून घेतला, हातात कसाबसा कोंबला, आणि पँटच्या शिवणी ताणत त्या जागी उकिडवा बसला.

"चल, टाक!" तो ओरडला. "बघतोच मी. पूर्ण जोरात टाक!"

स्काउटनं गन खाली घेतली. ईशान बॉल हातात धरून बापाकडे बघत राहिला. मग तो पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मराठीत बोलला.

"बाबा, आधी मास्क घाल ना. लागेल तुला."